2 हजारांहून जास्त वेळा हवेत उडाला, पण त्याला शिकवणारं कुणीच नव्हतं: ओटो लिलिएंथालची गोष्ट

एक जुना काळा-पांढरा फोटो आहे. दाढीवाला एक माणूस वटवाघळासारख्या मोठ्या पंखांच्या मधोमध लटकलाय, पाय खाली मोकळे लोंबतायत आणि खालच्या उतारावर गवताशिवाय काही नाही. हा फोटो तुम्ही कधी ना कधी पाहिलाच असणार. विमानाच्या इतिहासावरचं रील असो नाहीतर शाळेच्या प्रोजेक्टचा तक्ता, राइट बंधूंच्या आधी हा माणूस येतोच. बघणाऱ्याला वाटतं, असेल कुणीतरी हौशी, पंख बांधले, उडी मारली आणि मेला.

मेला हे खरं आहे. पण त्याआधी तो 2 हजारांहून जास्त वेळा उडाला होता आणि सुखरूप खाली उतरला होता. तो इंजिनियर होता, बर्लिनमध्ये त्याचा स्वतःचा कारखाना होता आणि पंखांवर हवेचा जोर किती येतो, याची मोजमापं त्याने कित्येक वर्षं केली होती. त्याच्या ग्लायडरला गिऱ्हाइकं होती. पैसे मोजून विकत घेता येणारं जगातलं पहिलं उडतं यंत्र त्याच्याच कारखान्यातून बाहेर पडलं.

त्याचं नाव ओटो लिलिएंथाल. विमान चालवायला माणसाला शिकवायचं कसं, या प्रश्नाला त्याने पहिल्यांदा गांभीर्याने हात घातला. त्याच्या मृत्यूचं कारणही याच प्रश्नापाशी येऊन थांबतं.

रात्री उडायचा प्रयत्न करणारी दोन पोरं

ओटोचा जन्म 23 मे 1848 चा. गाव आंकलाम, तेव्हाच्या प्रशियात, आजच्या जर्मनीच्या ईशान्येला. वडील कापडाचे व्यापारी. घरात आठ मुलं झाली, त्यातली पाच लहानपणीच गेली. ओटो, त्याच्याहून वर्षभराने लहान गुस्ताव आणि बहीण मारी एवढेच जगले. ओटो 12-13 वर्षांचा असताना वडीलही गेले आणि आईने एकटीने मुलांना वाढवलं.

आंकलामच्या आसपास ओलसर कुरणं होती आणि तिथे पांढरे करकोचे उतरायचे. ओटो आणि गुस्ताव तासन् तास त्यांच्याकडे बघत बसायचे. एवढा मोठा पक्षी जमिनीवरून उठताना वाऱ्याच्या दिशेला तोंड करून पळतो, हे त्यांनी तेव्हाच हेरलं. आज विमानतळावर विमानं टेक-ऑफ घेताना हेच करतात.

मग दोघांनी लाकडाच्या फळ्यांचे पंख बनवले, हाताला बांधले आणि टेकडीवरून पळत सुटले. हे उद्योग रात्री चालायचे, कारण दिवसा शाळेतली पोरं हसतील अशी भीती होती. उडणं अर्थातच जमलं नाही. पण पुढची 30 वर्षं दोघा भावांनी हा विषय सोडला नाही.

ओटो पॉट्सडॅमच्या तंत्रशाळेत शिकला, बर्लिनच्या एका यंत्र कारखान्यात हात काळे केले आणि मग बर्लिनच्या औद्योगिक अकादमीत इंजिनियर झाला. 1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं तेव्हा तो सैन्यात होता, पॅरिसच्या वेढ्यातही होता. परत आल्यावर नोकरी, 1878 मध्ये आग्नेस फिशरशी लग्न, पुढे चार मुलं.

1883 मध्ये त्याने स्वतःचा कारखाना काढला. छोट्या कारखान्यांना परवडतील अशी वाफेची इंजिनं आणि कमी जागेत बसणारे, स्फोटाचा धोका कमी असलेले बॉयलर तो बनवायचा. पुढे त्याने नफ्यातला चौथा हिस्सा कामगारांना वाटायला सुरुवात केली. बर्लिनमधल्या एका नाटक कंपनीत पैसे घातले, गरिबांना परवडेल अशी स्वस्त तिकिटं ठेवली आणि वर स्वतः एक नाटकही लिहिलं. त्याआधी दोघा भावांनी लहान मुलांसाठी दगडी ठोकळ्यांचं खेळणं शोधून काढलं होतं. विकता आलं नाही म्हणून त्याचे हक्क त्यांनी एका व्यापाऱ्याला देऊन टाकले, आणि त्या व्यापाऱ्याने त्यावर अमाप पैसा कमावला. अँकर ब्लॉक्स म्हणून ते खेळणं युरोपात आजही ओळखलं जातं.

म्हणजे शोध लावण्यात हुशार, विकण्यात कच्चा. पण बॉयलर चांगले चालले आणि त्याच पैशावर पुढचं सगळं उभं राहिलं.

आधी मोजा, मग उडा

त्या काळात उडण्याचं वेड असलेली माणसं युरोपात कमी नव्हती. बहुतेकांचा मार्ग मात्र एकच असायचा. एक भलंमोठं यंत्र बांधायचं, त्यात इंजिन बसवायचं आणि एकदम आकाशात झेप घ्यायची स्वप्नं बघायची. यंत्र जमिनीवरच मोडायचं नाहीतर हललंच नाही असं व्हायचं.

लिलिएंथालने उलटा रस्ता धरला. त्याने आधी मोजमाप सुरू केलं. एका उभ्या खांबावर फिरणारा लांब दांडा बसवला, दांड्याच्या टोकांना वेगवेगळ्या आकाराचे पंख लावले आणि वजन खाली सोडून दांडा गरगर फिरवला. कोणत्या आकाराच्या पंखाला, कोणत्या कोनात ठेवल्यावर हवा किती उचलते आणि किती मागे ढकलते, याचे तक्ते तयार केले. यात गुस्तावची मोठी मदत झाली.

या कामातून महत्त्वाची गोष्ट हाती आली, ती पंखाच्या आकाराबद्दल. सपाट फळीपेक्षा वरच्या बाजूला किंचित फुगीर, कमानीसारखा वाकलेला पंख कितीतरी जास्त उचल देतो. पक्ष्यांचे पंख असेच असतात. 1889 मध्ये त्याने हे सगळं एका पुस्तकात छापलं. पक्ष्यांचं उडणं हा माणसाच्या उड्डाणाचा पाया, असा त्याचा विषय होता. पुस्तक फारसं खपलं नाही. पण पुढच्या दहा-बारा वर्षांत विमानाच्या मागे लागलेल्या जवळपास प्रत्येकाला या पुस्तकातल्या तक्त्यांपाशी यावंच लागलं.

तक्ते तयार झाले, पण उडायचं शिकणं बाकी होतं. त्याचा तर्क साधा होता. पोहायचं शिकताना आपण एकदम खोल विहिरीत उडी मारत नाही, पायरीवरून सुरुवात करतो. उडण्याचंही तसंच. आधी घरच्या बागेत एका फळीवरून उड्या. मग थोडी उंच फळी. 1891 मध्ये बर्लिनजवळच्या डेरविट्झ गावात एका छोट्या उंचवट्यावरून साधारण 25 मीटर. 1893 पासून ऱ्हिनो गावाजवळच्या टेकड्या, तिथे तर 250 मीटरपर्यंत मजल गेली.

सोयीची टेकडी घराजवळ नव्हती, म्हणून 1894 मध्ये त्याने चक्क टेकडीच बांधून घेतली. बर्लिनच्या लिष्टरफेल्डे भागात वीटभट्टीची माती पडून होती. तिचा 15 मीटर उंचीचा शंकूसारखा ढीग करून घेतला. शंकू का? कारण वारा कुठूनही आला तरी त्याला तोंड देऊन पळता येईल. ढिगाच्या डोक्यावर ग्लायडर ठेवायला एक खोपी. आठवडाभर कारखाना बघायचा आणि सुट्टीच्या दिवशी इथे उडायचं. ते बघायला बर्लिनकर गर्दी करायचे, फोटोग्राफर यायचे. त्याचे एवढे फोटो आज आपल्याकडे आहेत, ते यामुळेच.

इथे आपल्याकडच्या वाचकाला एक नाव आठवणारच. शिवकर बापूजी तळपदे. 1895 मध्ये गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडवल्याची गोष्ट मराठी माणसाने लहानपणापासून ऐकलेली असते. त्या उड्डाणाचा भक्कम असा समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. लिलिएंथालच्या बाबतीत त्याच काळातले शंभरहून जास्त फोटो आहेत, मोजमापांचे तक्ते आहेत, पेटंट आहेत आणि त्याने विकलेली खरी ग्लायडर्स लंडन, वॉशिंग्टन आणि मॉस्कोतल्या संग्रहालयांत टांगलेली आहेत. भावना बाजूला ठेवून बघितलं तर इतिहासात कुणाचं नाव कुठे लागतं, ते अशा गोष्टींवर ठरतं.

विकत मिळणारं पहिलं ग्लायडर

1894 मध्ये लिलिएंथालने एक मॉडेल पक्कं केलं. पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत 6.7 मीटर, वजन साधारण 20 किलो. सांगाडा विलोच्या काठ्यांचा, त्यावर लेप दिलेलं सुती कापड. विलो म्हणजे तेच झाड, ज्याच्या लाकडाची क्रिकेटची बॅट होते. हलकं आणि चिवट. पंख छत्रीसारखे मिटून नेता यायचे. मागे एक उभी आणि एक आडवी शेपटी. किंमत 500 मार्क.

निदान नऊ ग्लायडर्स तरी विकली गेली. गिऱ्हाइकांत रशियाचे शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की होते, ज्यांना पुढे रशियन विमानविद्येचे जनक म्हटलं गेलं. अमेरिकेतला बडा वृत्तपत्र मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्टही होता. आणि पर्सी पिल्चर नावाचा एक तरुण ब्रिटिश इंजिनियर होता, जो बर्लिनला येऊन लिलिएंथालच्या टेकडीवर स्वतः उडून गेला.

आता या ग्लायडरमध्ये माणूस बसायचा कसा? बसायचाच नाही. मधल्या भागात एक भोक होतं. त्यात उभं राहायचं, दोन्ही हात कोपरापर्यंत कड्यांमध्ये अडकवायचे, पुढची दांडी पकडायची आणि उतारावरून पळत सुटायचं. पाय जमिनीवरून सुटले की सगळं वजन कोपरांवर. जिममध्ये पॅरलल बारवर कोपरं टेकून लोंबकळलेला माणूस डोळ्यांसमोर आणा, तसंच काहीसं.

स्टिअरिंग नाही, पायात पेडल नाही, ओढायला दोरी नाही. ग्लायडरचं नाक वर चाललं तर पाय पुढे फेकायचे, म्हणजे वजन पुढे जाईल आणि नाक खाली येईल. नाक खाली चाललं तर पाय मागे. डावीकडे कललं तर पाय उजवीकडे.

ऐकायला सोपं वाटतं. पण यात दोन खोट होत्या, आणि दोन्ही जीवघेण्या.

पहिली, हलवायला शरीर फार थोडं उरतं. कोपरं अडकलेली, खांदे जागेवर. हलतात फक्त कंबर आणि पाय. आज कामशेतच्या टेकडीवरून कुणी हँग ग्लायडिंग करतं तेव्हा तो माणूस वरच्या दांड्याला पट्ट्याने टांगलेला असतो आणि हातातल्या त्रिकोणी चौकटीला ढकलून अख्खं शरीर पुढे-मागे नेऊ शकतो. तत्त्व लिलिएंथालचंच, पण हलवता येणारं वजन कितीतरी जास्त.

दुसरी खोट जास्त वाईट. समजा ग्लायडर नाकावर झुकलं. आता वाचायला पाय मागे न्यायला हवेत. पण गुरुत्वाकर्षण पायांना सरळ खाली खेचतंय, आणि झुकलेल्या ग्लायडरच्या हिशोबात सरळ खाली म्हणजे पुढे, नाकाकडे. म्हणजे वैमानिकाला नेमक्या धोक्याच्या क्षणी स्वतःचे पाय गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलून मागे न्यायचे. जितकं नाक खाली, तितकं हे अवघड.

लिलिएंथालला हे कळत नव्हतं असं नाही. 1894 मध्ये तो असाच नाकावर कोसळला होता. त्या वेळी त्याला एका साध्या गोष्टीने वाचवलं. ग्लायडरच्या पुढच्या बाजूला त्याने विलोच्या काठीची एक मोठी कमान लावली होती. पडताना आधी ती कमान जमिनीत घुसली, मोडली आणि धक्का तिने खाल्ला. त्याच्या डोक्याला जखम झाली, मनगट मुरगळलं, एवढ्यावर भागलं. गाडीच्या बंपरचं जे काम, ते या कमानीचं. अपघात होणारच हे गृहीत धरून, माणूस वाचावा म्हणून उडत्या यंत्रात केलेली ही बहुधा सगळ्यात जुनी सोय असावी.

अपघाताच्या दोन महिने आधी समुद्रापलीकडून एक इशाराही मिळाला होता, तो लिलिएंथालपर्यंत वेळेत पोचला की नाही हा भाग वेगळा. 1896 च्या जून महिन्यात अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या काठावर ऑक्टेव्ह शानूट नावाचे वयस्कर इंजिनियर आणि त्यांचे सहकारी ग्लायडर्स तपासत होते. त्यात लिलिएंथालच्या पद्धतीचं एक ग्लायडरही होतं. थोड्याच उड्डाणांनंतर त्यांनी ते बाजूला ठेवलं. तोल सांभाळण्यासाठी माणसाला इतकी धडपड करावी लागणं धोक्याचं आहे, असं त्यांचं मत झालं.

9 ऑगस्ट 1896

तो रविवार होता. ऱ्हिनो टेकड्यांमधल्या श्टोल्न गावाजवळची गोलेनबर्ग टेकडी. ऊन छान पडलेलं, उकाडा फार नाही. लिलिएंथालसोबत त्याचा मेकॅनिक पाउल बायलिष होता. ग्लायडर नेहमीचंच, 1894 च्या मॉडेलचं. ती विलोची कमान मात्र त्या दिवशी लावलेली नव्हती.

सुरुवातीची उड्डाणं नीट झाली. मग त्याने पुन्हा एकदा धाव घेतली.

तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे झोत वर उठतात. घार पंख न हलवता वर वर जाते ती याच झोतांवर. अशाच एका झोतात ग्लायडर सापडलं असावं. नाक वर उचललं गेलं आणि ग्लायडर हवेत जवळजवळ थांबलं.

इथे स्टॉल म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढू नये असं लिहिलेलं असतं, तरी लहानपणी आपण सगळ्यांनीच तो काढलेला असतो. तळहात आडवा धरून पुढची कड किंचित वर केली की वारा हात वर उचलतो. आणखी थोडी वर केली की आणखी उचलतो. पण एका मर्यादेपलीकडे हात उभा केला की उचलणं संपतं, वारा फक्त मागे ढकलतो. पंखाचं अगदी तेच. ठरावीक कोनाच्या पुढे गेला की पंखावरून सुरळीत वाहणारी हवा सुटते, उचल नाहीशी होते आणि यंत्र दगडासारखं खाली येतं. तेव्हा या प्रकाराला नीट नावही नव्हतं, आणि त्यातून बाहेर कसं यायचं हे शिकवणारं तर कुणीच नव्हतं.

लिलिएंथालने पाय पुढे फेकून नाक खाली आणायचा प्रयत्न केला. नाक खाली आलं, पण वर आलंच नाही. साधारण 15 मीटरवरून तो ग्लायडरसकट जमिनीवर आदळला.

बायलिषने त्याला घोडागाडीतून श्टोल्नला आणलं. तिथे डॉक्टरने तपासलं. मानेचा तिसरा मणका मोडला होता. थोड्याच वेळात शुद्ध हरपली. मालगाडीतून त्याला बर्लिनला नेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेव्हाचे नावाजलेले सर्जन एर्न्स्ट फॉन बेर्गमान यांच्या दवाखान्यात दाखल केलं. 10 ऑगस्टला तिथेच तो गेला. वय 48.

मरताना त्याने बलिदानाबद्दल काही शब्द उच्चारले, अशी एक गोष्ट खूप प्रसिद्ध आहे, त्याच्या थडग्यावरही ती कोरलेली आहे. इतिहासकार मात्र तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. पावलागणिक मोजमाप करणारा, पडणार हे धरून पुढे कमान लावणारा माणूस बलिदानाच्या गोष्टी करत मरेल, हे तसंही पटत नाही.

चूक ग्लायडरची की माणसाची?

हा वाद शंभरहून जास्त वर्षं चालला. 2016 मध्ये जर्मनीच्या डीएलआर या एरोस्पेस संशोधन संस्थेने त्याच ग्लायडरची हुबेहूब प्रतिकृती बनवून घेतली आणि ती मोठ्या विंड टनेलमध्ये ठेवून तपासली. निष्कर्ष असा निघाला की ग्लायडर मुळात सदोष नव्हतं. नेहमीच्या उड्डाणात ते स्थिर होतं. धोका होता तो त्या मर्यादेपलीकडे, जिथे सावरायला कोपरांवर लटकलेल्या शरीराची ताकद पुरत नाही.

म्हणजे वैमानिक कच्चा होता म्हणायचं, तर त्याच्याइतका अनुभव तेव्हा पृथ्वीवर दुसऱ्या कुणालाच नव्हता. पण तो अनुभव तरी केवढा? इथे राइट बंधू येतात.

अमेरिकेतल्या डेटन शहरात सायकलचं दुकान चालवणाऱ्या विल्बर आणि ऑरव्हिल राइट यांनी लिलिएंथालच्या मृत्यूची बातमी वर्तमानपत्रात वाचली आणि लहानपणीचं कुतूहल पुन्हा जागं झालं. पुढे अभ्यास करताना विल्बरने एक हिशोब मांडला. लिलिएंथालचं एकेक उड्डाण काही सेकंदांचं. पाच वर्षांतली सगळी उड्डाणं एकत्र केली तर हवेतला वेळ भरतो साधारण पाच तास. पाच तासांच्या सरावावर, तोही दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांत केलेल्या, कुणी गर्दीच्या रस्त्यात सायकल चालवायला निघेल का? सायकलवाल्यालाच सुचणार असा हा प्रश्न. विल्बरला नवल याचं वाटलं, की एवढ्याशा सरावावर लिलिएंथालने इतकं साधलं कसं.

त्यामुळे राइट बंधूंनी सगळ्यात आधी जागा शोधली ती सरावाची. किटी हॉक इथे समुद्राचा वारा सतत वाहतो, वाळू मऊ असते, पडलं तरी हाडं वाचतात. त्यांनी वजन हलवून तोल सांभाळायची पद्धत सोडली. पंखांची टोकं पिळून डावं-उजवं, आणि वर-खालीसाठी पुढच्या बाजूला एक वेगळा छोटा पंख, तोही हाताने फिरवता येणारा. तो पुढे का लावला? लिलिएंथालसारखं नाकावर कोसळणं टळावं, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. आणि तो उपयोगीही पडला. त्यांचं ग्लायडर स्टॉल झालं तेव्हा नाकावर न पडता सपाट खाली बसलं.

1901 मध्ये ग्लायडरने अपेक्षेइतकी उचल दिली नाही तेव्हा त्यांना लिलिएंथालच्या तक्त्यांवरच शंका आली. घरी जाऊन त्यांनी छोटा विंड टनेल बांधला आणि पुन्हा मोजलं. तक्ते बरेचसे बरोबर निघाले. गणितातला दुसराच एक जुना आकडा, सगळेच डोळे झाकून वापरत आलेले, तो चुकीचा होता. 1902 च्या ग्लायडरवर त्यांनी जवळपास हजार उड्डाणं केली, आणि मगच 17 डिसेंबर 1903 ला इंजिन लावून उडाले.

पर्सी पिल्चरला एवढी वर्षं मिळाली नाहीत. लिलिएंथालच्या टेकडीवर शिकलेल्या या तरुणाने स्वतःचं ग्लायडर आणि इंजिनवालं यंत्रही तयार केलं होतं. 30 सप्टेंबर 1899 ला इंग्लंडमध्ये पाहुण्यांसमोर उडताना त्याच्या ग्लायडरच्या शेपटीचा भाग मोडला आणि तो कोसळला. दोन दिवसांनी, 33 व्या वर्षी गेला.

शिकाऊ ग्लायडरला सीट मिळाली

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर इंजिनाच्या विमानांबाबत कडक बंधनं आली. उडायचं तर ग्लायडरच, असं झालं. वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर ग्लायडिंगच्या शाळा उभ्या राहिल्या आणि शिकणाऱ्यांसाठी वेगळं ग्लायडर हवं, हा विचार पक्का झाला. 1926 च्या सुमारास आलेलं अलेक्झांडर लिप्पिश यांचं त्सोग्लिंग हे त्यातलं गाजलेलं नाव. नावाचा अर्थच मुळी शिष्य.

दिसायला ते अगदी ओबडधोबड. एक लाकडी सांगाडा, वर पंख, मागे लांब शेपटी आणि पुढे उघड्यावर एक सीट. पण लिलिएंथालच्या ग्लायडरशेजारी ठेवून बघितलं तर काय काय बदललं ते लगेच कळतं. माणूस लटकलेला नाही, पट्ट्याने सीटला बांधलेला आहे. तोल त्याच्या पायांवर अवलंबून नाही, हातात स्टिक आणि पायाखाली पेडल आहे. खाली जाड लाकडी घसरपट्टी आहे, जमिनीचा धक्का आधी ती खाते. मोडलं तर गावच्या सुताराकडेही दुरुस्त व्हावं, इतकं साधं.

शिकवायची पद्धत मात्र लिलिएंथालचीच राहिली. पोरं रबरी दोर ताणून ग्लायडर सोडायची. पहिल्या दिवशी फक्त जमिनीवर घसरायचं. मग वीतभर वर. मग टेकडीच्या निम्म्यावरून. मास्तर खाली जमिनीवर उभे राहून ओरडणार, वर शिष्य एकटाच.

मास्तर शेजारी किंवा मागे बसतील, दोघांकडे सारखीच स्टिक असेल आणि चूक झाली की मास्तर लगेच सावरतील, ही दोन सीटची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर सगळीकडे रुळली. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर शिकायला येणाऱ्याचं पहिलं उड्डाण असंच होतं. विंचच्या दोराने ग्लायडर वर खेचलं जातं आणि सोबत शिकवणारा असतो. स्टॉल मुद्दाम करून दाखवला जातो, पुरेशा उंचीवर, आणि त्यातून बाहेर कसं यायचं ते शिष्याकडून करून घेतलं जातं.

आता राहिली ती गोलेनबर्ग टेकडी. 1989 च्या ऑक्टोबरमध्ये, बर्लिनची भिंत पडायच्या काही दिवस आधी, पूर्व जर्मनीच्या इंटरफ्लुग कंपनीचं निवृत्त झालेलं इल्युशिन-62 जातीचं चार इंजिनांचं प्रवासी विमान श्टोल्नच्या गवताच्या पट्टीवर उतरवलं गेलं. पट्टी जेमतेम 900 मीटर, एवढ्या मोठ्या विमानासाठी अगदीच तोकडी. वैमानिकाने ते धुळीच्या लोटात बरोबर थांबवलं. ते पुन्हा उडणार नव्हतंच. टेकडीच्या पायथ्याशी ते आजही उभं आहे. आत लिलिएंथालवरचं प्रदर्शन आहे, आणि हौशी जोडपी त्या विमानात लग्नाची नोंदणी करायलाही येतात. विमानाला लिलिएंथालच्या बायकोचं नाव दिलंय, लेडी आग्नेस.